चौऱ्याऐंशी किलो गूळ

माझा मुलगा प्रशोभ आमच्या गावच्या बसस्टँडवर टाइमकीपर आहे. स्टँड म्हणजे पिंपळाखालची मोकळी जागा आणि एक पत्र्याची केबिन. खाजगी गाड्या येतात, दोन मिनिटं थांबतात आणि सुटतात. कुठली गाडी कितीला सुटायची हे परमिटवर लिहिलेलं असतं, पण ते मनापासून कोणी पाळत नाही. पुढची गाडी मुद्दाम रेंगाळते, मागचीचे प्रवासी उचलते, मग दोन्हीकडचे कंडक्टर खाली उतरून एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. दोन मिनिटांसाठी! या दोन मिनिटांचा न्याय करायला टाइमकीपर असतो. हातात वही, गळ्यात शिट्टी.

"प्रशोभ, एक मिनिट दे रे. ती बाई धावत येतेय बघ."

"ती बाई पोस्टात चाललीय, मोयदूक्का. काढा गाडी."

"तुला काय माहीत?"

"सहा वर्षं तुमच्याच गाडीवर तिकिटं फाडलीत. कोण चढणार आणि कोण नुसतंच धावणार, ते मला लांबून कळतं."

मोयदूक्का 'अल-नूर' गाडीचे ड्रायव्हर. प्रशोभ एकविसाव्या वर्षी त्यांच्या गाडीवर कंडक्टर म्हणून लागला. पदवी घेऊन बसवर कशाला जातोस, असं मी म्हटलं होतं. मी स्वतः बी.कॉम., दूध सोसायटीत कारकून; मला वाटायचं, त्यानेही खुर्चीवर बसावं. पण त्याला खुर्ची नको होती. चालत्या गाडीत दोन्ही हात मोकळे ठेवून उभं राहायचं, हाच त्याचा आनंद. पुढे खुर्ची मिळाली, ती आजारपणामुळे.

सत्ताविसाव्या वर्षी त्याचे डोळे पिवळे झाले. आधी साधी कावीळ वाटली. मग पोटात पाणी झालं, पाय सुजले, आणि एक दिवस तो स्वतःच्या थांब्याचं नाव विसरला. यकृत निकामी झालं होतं. शरीरच आपल्या यकृताला शत्रू समजून पोखरत होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. गावाने मात्र स्वतःचं निदान केलं: बसवाला आहे, पीत असणार. ज्या मुलाने कधी ताडीचा थेंबही तोंडात घेतला नाही, त्याला बघायला येऊन लोक मला म्हणायचे, "जाऊ दे सत्यभामा, आता तरी सोडेल." तेव्हा भांडायलाही माझ्यात त्राण नव्हतं.

नवीन यकृताशिवाय तो जगणार नव्हता. त्याचे वडील तो नववीत असतानाच गेले. रक्तगट माझा जुळला. पण तपासणीत निघालं की माझ्याच यकृतात चरबी आहे, आणि तसं यकृत कापून देता येत नाही. कोचीच्या दवाखान्यातल्या डॉ. सुसान म्हणाल्या, "आठ आठवडे देते. वजन उतरवा, मग पुन्हा बघू." प्रशोभ दवाखान्यात अर्धवट शुद्धीत पडलेला असायचा आणि मी कोचीच्या रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ चालत असायची. साखर बंद, तळलेलं बंद, भात एक डाव. नऊ किलो उतरले. पुन्हा तपासणी झाली आणि डॉ. सुसान म्हणाल्या, "आता चालेल." यातलं प्रशोभला काहीच माहीत नव्हतं. नंतरही मी सांगितलं नाही. आईने मुलाला काय काय सांगत बसायचं?

ऑपरेशन झालं. माझ्या यकृताचा मोठा भाग त्याच्या पोटात गेला. तीन आठवड्यांनी आम्ही दोघं घरी आलो, तेव्हा माझी थोरली बहीण देवयानीचेच्ची दारात तांब्याचा हंडा तापवून उभी होती.

"डॉक्टरच म्हणाले ना, पुनर्जन्म झाला म्हणून?" ती म्हणाली. "मग बाळंतपण नको करायला?"

"कोणाचं, चेच्ची?"

"दोघांचं. तू बाळंतीण, तो बाळ. नव्वद दिवस मी हलत नाही इथून."

आमच्याकडे बाळंतिणीचे नव्वद दिवस फार जपतात. पाल्याच्या उकळत्या पाण्याने अंघोळ, तुपाची जिलई दिसेल असा भात, गुळा-खोबऱ्याचं लेह्य, म्हणजे चाटण. जडीबुटीच्या औषधांना डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. त्या औषधांनी गोळ्यांचं काम बिघडतं. चेच्चीने ते ऐकलं, पण आपल्या पद्धतीने. लेह्यातली मुळ्या-पाल्याची भुकटी तिने काढून टाकली आणि गूळ, तूप, नारळाचं दूध तेवढं ठेवलं. "औषध नको म्हणाले," ती म्हणाली. "खाऊ नको, असं कुठे म्हणाले?"

म्हणाले होते. दवाखान्यातून दोन पानांची सूचना मिळाली होती, ती मी फ्रिजवर लावली होती. पहिलं पान मला तोंडपाठ होतं: पाणी उकळून, कच्चं काही नाही, पपनस अजिबात नाही, मास्क, गर्दीत जायचं नाही, गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठ. मला संसर्गाची भीती होती. शरीर हे यकृत नाकारेल याची भीती होती. दुसऱ्या पानावर वजन, साखर, मीठ, तेल, रक्तदाब यांबद्दल लिहिलं होतं. ते पान पहिल्याच्या मागे होतं आणि एकाच चुंबकाखाली दोन्ही दाबलेली होती. मी ते उलटून पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि मनात म्हटलं, हे नंतरचं.

घरी आला तेव्हा त्याचं वजन एक्कावन्न किलो होतं. दंडाला हाड लागायचं. गोळ्यांनी त्याला भूक लागायची, राक्षसासारखी. तो मागून खायचा. ज्या मुलाला दोन चमचे पेज गिळताना ओकारी यायची, तो "अम्मा, अजून आहे का?" म्हणायचा. ते ऐकताना कुठली आई दुसरं पान वाचत बसेल?

त्यात चेच्चीचा नवस. प्रशोभ अतिदक्षता विभागात असताना ती गावच्या देवळात बोलून आली होती: पोरगा वाचला तर त्याची गुळाची तुला करीन, त्याच्या वजनाइतका गूळ देवाला. पण वर्षभर गर्दीत जायचं नव्हतं, म्हणून तुला पुढे गेली. चेच्ची दर शुक्रवारी यायची आणि त्याचं मनगट दोन बोटांत धरून बघायची.

"अजून पंचावन्नाचाच वाटतो. देवाला काय एवढासाच गूळ द्यायचा?"

"वल्यम्मा, देवाला मधुमेह होईल," प्रशोभ आपल्या या मावशीला म्हणायचा आणि तिने आणलेला उण्णीअप्पम तोंडात टाकायचा. गूळ-केळ्याचे ते तळलेले गोळे. एकावर तो कधी थांबला नाही.

सहाव्या महिन्यात त्याला टाइमकीपरची जागा मिळाली. मोयदूक्कांनीच संघटनेत शब्द टाकला. गर्दीच्या बसमध्ये उभं राहणं आता शक्य नव्हतं. केबिनमध्ये पंखा, खुर्ची आणि समोर वासुएट्टनची चहाची टपरी. गाल भरले, मग हनुवटीखाली वळी आली. लोक म्हणू लागले, "सत्यभामा, पोरगा काय सुधारला ग!" मी मान डोलवायची. खरं सांगते, मला अभिमान वाटायचा. 'आता तरी सोडेल' म्हणणाऱ्या माणसांसमोर माझा गुटगुटीत मुलगा फिरत होता.

तुलेच्या दिवशी चेच्चीने अंदाजाने साठ किलो गूळ सांगून ठेवला होता. देवळाच्या रिवाजाप्रमाणे प्रशोभने शर्ट काढला. पोटावरचा आडवा व्रण ताणून रुंद झाला होता. तो मांडी घालून पारड्यात बसला, तोंडावर मास्क, हात साखळीला. दुसऱ्या पारड्यात गुळाची पोती चढली. साठ किलो झाले. पारडं जागचं हललं नाही.

"अजून आणा," चेच्ची म्हणाली.

समोरच्या दुकानातून एक पोतं आलं. मग आणखी एक. लोक हसू लागले. कोणीतरी म्हणालं, "चेच्ची, पायसमचं आमंत्रण सगळ्या जिल्ह्याला द्या आता!" चेच्चीचा चेहरा उजळला होता, जणू तिनेच तेवढं वजन दिलं होतं. चौऱ्याऐंशी किलोंवर काटा सरळ झाला. मी हात जोडले. डोळे भरून आले होते, त्यामुळे प्रशोभच्या चेहऱ्याकडे माझं नीट लक्षच गेलं नाही.

तो उतरला आणि देवळासमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसला. पाण्याची बाटली संपवली, दुसरी मागितली. महिनाभर तो असंच पाणी पीत होता. उकाड्यावर मी सगळं ढकललं होतं. समोरून गाडी आली.

"अम्मा, ही कुठली ग?"

मी हसले. "मला काय विचारतोस? पाटी वाच की."

"दिसत नाहीये."

अर्ध्या मैलावरून गाडीच्या पाट्या वाचणारा मुलगा. गाडी दहा पावलांवर उभी होती.

दवाखान्यात साखर निघाली चारशे साठ. रक्तदाब वाढलेला, रक्तातली चरबी वाढलेली. चार दिवस दाखल करून इन्सुलिन सुरू केलं. डॉ. सुसान माझ्यावर रागावल्या नाहीत, तेच मला जड गेलं. त्या म्हणाल्या, "यकृत टिकवणाऱ्या गोळ्यांनी साखर वाढते, भूकही वाढते. बऱ्याच जणांचं असं होतं. पण निम्मं आपल्या हातात असतं."

घरी आल्यावर मी फ्रिजवरचं दुसरं पान पुढे आणलं. गूळ, साखर, मैदा घराबाहेर काढला. आणि प्रशोभ बिथरला.

"पोट भरत नाही, अम्मा. तुला कळत नाही, पोट भरतच नाही. आधी आजाराने उपाशी ठेवलं, आता तू ठेवतेस."

"डॉक्टर म्हणाल्या..."

"गोळ्यांनीच साखर होते, असंही म्हणाल्या ना? मग गोळ्याच बंद करतो. संपला विषय."

मोयदूक्का तेव्हा ओसरीवर चहा पीत होते. बिनसाखरेचा, आमच्या घराचा मान म्हणून. त्यांनी कप खाली ठेवला.

"प्रशोभ, घाटात ब्रेक तापतो. वास येतो, धूर येतो. म्हणून ब्रेक काढून ठेवतोस का?"

तो उठून आत गेला. गोळी मात्र बंद केली नाही. तेवढ्यापुरती मी देवाचे आणि मोयदूक्कांचे आभार मानले.

पण खाणं थांबलं नाही. वजन तसंच, इन्सुलिन वाढत चाललेलं. एके दिवशी सोसायटीतून मी जेवणाच्या सुट्टीत निघाले आणि स्टँडसमोरच्या रेशन दुकानात खांबाआड उभी राहिले. वासुएट्टनने वर्तमानपत्रात गुंडाळून केबिनच्या खिडकीतून काहीतरी आत दिलं. मी रस्ता ओलांडून थेट खिडकीशी गेले. केळ्याची भजी. एक संपलं होतं, दुसरं हातात.

प्रशोभने माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "अम्मा, तू चेकिंग इन्स्पेक्टर झालीस का? तिकीट दाखवू?"

रांगेतली माणसं हसली. वासुएट्टन मान खाली घालून कपबशा विसळू लागला. मी तिथेच, सगळ्यांसमोर बोलले. बोलू नये ते बोलले. तुझ्यासाठी मी पोट फाडून घेतलं, असंही म्हणाले. शिट्टी मारायची वेळ झाली होती. त्याने शिट्टी मारली, गाडी सुटली. त्या दिवशी तो घरी माझ्याशी बोलला नाही. मीही नाही.

तपासणीची तारीख आली. या वेळी डॉ. सुसाननी यकृतातली चरबी मोजायला लावलं. पोटाच्या बाजूला एक यंत्र टेकवतात, दहा मिनिटांत होतं. आलेला कागद त्यांनी दोनदा वाचला.

"प्रशोभ, या नव्या यकृतात चरबी भरायला लागलीय. असंच चाललं तर पाच-दहा वर्षांत तेही कडक होईल. मग पुन्हा तेच सगळं. आणि दुसऱ्यांदा देणारं माणूस मिळेलच असं नाही."

तो जमिनीकडे बघत होता. "माझ्या नशिबात यकृतच वाईट आहे, डॉक्टर."

"हे वाईट नव्हतं. आलं तेव्हा हे स्वच्छ होतं. स्वच्छ करून आणलेलं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही याला सांगितलं नाही?"

मी मान हलवली.

मग त्यांनीच सांगितलं. आठ आठवडे, नऊ किलो, पहिला अहवाल, दुसरा अहवाल. कारकुनासारखं कोरडं सांगितलं. पण पहिल्या तपासणीनंतर मी जिन्यात बसून रडले होते, तेही त्यांच्या लक्षात होतं. ते त्यांनी सांगायला नको होतं, असं मला तेव्हा वाटलं.

परतीच्या गाडीत प्रशोभ खिडकीशी बसला होता. त्रिशूर मागे पडल्यावर म्हणाला, "कुठे चालायचीस?"

"दवाखान्यामागच्या रस्त्याने. कालव्यापर्यंत."

"किती वेळ?"

"सकाळी तासभर. संध्याकाळी तासभर."

"पाय दुखायचे?"

"टाचा."

एवढंच बोलणं झालं. पुढच्या सोमवारी मी सोसायटीत जाताना पाहिलं, केबिन रिकामी होती. मी आधी वासुएट्टनच्या टपरीकडे पाहिलं. तेवढ्यात तो रस्त्यावरच्या ओढ्याच्या मोरीच्या बाजूने घाईघाईने येताना दिसला, शिट्टी तोंडात. आला, 'श्रीवत्सम' गाडी सोडली आणि पुन्हा निघाला.

त्याने आपली वही काढून बघितली होती. दिवसभरात दोन गाड्यांच्या मध्ये अकरा मिनिटांपेक्षा जास्त रिकामी जागा नऊ वेळा येते. स्टँडवरून मोरीपर्यंत जाऊन यायला अकरा मिनिटं लागतात. जेवणानंतरची एक फेरी चुकवायची नाही, कारण तेव्हा साखर चढते. खिशात ग्लुकोजचा पुडा, साखर एकदम खाली आली तर. फेऱ्या त्याने आधी कोणाला सांगितल्या नाहीत. पण बसवाल्यांपासून काय लपणार? चौथ्या दिवशी सगळ्या रस्त्याला माहीत झालं. ज्यांना त्याने वर्षभर दोन मिनिटांसाठी रडवलं होतं, त्यांना हे कुठे मिळणार होतं!

"टाइमकीपर, बारा मिनिटं झाली! दंड कोण भरणार?"

"पंक्चर झालं का रे प्रशोभ? स्टेपनी देऊ?"

मोयदूक्का तर त्याच्या शेजारी गाडी हळू करून खिडकीतून डोकं काढायचे. "मागे 'श्रीवत्सम' येतेय. ओव्हरटेक करू दिलंस तर माझी इज्जत जाईल, पळ!" गाडीतले प्रवासी टाळ्या वाजवायचे. आणि तो, घामाने निथळत, शिट्टी मारून त्यांना पुढे पिटाळायचा. त्याला बरं वाटत होतं, हे मला लांबून कळलं. किती दिवसांनी तो उभा होता.

वासुएट्टननेही भजी देणं बंद केलं. "मागितलं तरी देत नाही, सत्यभामाचेच्ची," तो मला म्हणाला. "परवा मागितलं. मी म्हटलं, संपलं. समोर ताट भरलेलं होतं!"

घरी मी कुकरमध्ये लाल तांदूळ लावायची, त्याला एक डाव. ताकातली भाजी, मूग, बांगडा नाहीतर तारळी कोकमात, नारळ घालायचा तो चिमटीने. पहिले दोन आठवडे जेवण झाल्यावरही तो ताटासमोर बसून राहायचा. मी स्वयंपाकघरात उभी. दोघंही दुसऱ्यांदा वाढण्याबद्दल बोलायचो नाही. ती भूक खोटी नव्हती. गोळ्यांची असली म्हणून काय, लागायची ती त्यालाच.

चेच्चीला सगळ्यात जड गेलं. डबा घेऊन आली तेव्हा मी दारातच सांगितलं. तिने डबा ओसरीवर ठेवला.

"म्हणजे मीच मारत होते याला?"

"तसं नाही, चेच्ची. मीच वाढत होते."

"खायला घालायचं नाही, तर मग मी यायचं तरी कशाला ग?"

आणि ती आली नाही. एक शुक्रवार, दुसरा शुक्रवार. तिसऱ्या शुक्रवारी प्रशोभ स्वतः तिच्याकडे गेला. जाताना वजनाचा नवा काटा पिशवीत घालून घेऊन गेला. तिच्या ओसरीवर ठेवला, त्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "वल्यम्मा, आकडा वाच. आजपासून हे खातं तुझ्याकडे. अम्माला दाखवणार नाही मी, ती लगेच चेहरा पाडते."

चेच्चीने चष्मा लावला. "ऐंशी पूर्णांक चार."

"तुलेत किती होतो?"

"चौऱ्याऐंशी!" ती ओरडली. "अरे, म्हणजे देवाकडे तुझ्यापेक्षा जास्त गूळ आहे की!"

तेव्हापासून दर रविवारी ती वजन करते. अर्धा किलो उतरलं तरी शेजारणीला हाक मारून सांगते. वाढलं तर मला फोन करते, "काय घातलंस त्याला?" जसं काही उण्णीअप्पम ही गोष्ट या जगात तिने आणलीच नव्हती.

सरळ उतरत गेलं असं मात्र नाही. ओणमला दोन किलो वाढले; चार घरी पानावर बसावं लागलं आणि तो नाही म्हणू शकला नाही. पुढे थुलाम महिन्यात यकृताचे अहवाल बिघडले, स्टेरॉइडची गोळी महिनाभर वाढवावी लागली, आणि साखर पुन्हा अडीचशेवर. तेव्हा मला वाटलं, संपलं, आता हा सोडून देईल. मी काही बोलणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "अम्मा, रस्ता खोदलाय म्हणून गाडी वळसा घेते. रद्द नाही होत." आणि छत्री घेऊन निघून गेला.

नऊ महिन्यांनी आम्ही पुन्हा कोचीला गेलो. डॉ. सुसानच्या खोलीबाहेर बराच वेळ बसावं लागलं. प्रशोभ घड्याळ बघत होता. आत गेल्यागेल्या म्हणाला, "डॉक्टर, चाळीस मिनिटं लेट आहात."

"दंड कर," त्या म्हणाल्या आणि कागद पुढे ओढला.

वजन बहात्तर. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊ टक्क्यांवरून सहा पूर्णांक आठवर. इन्सुलिन बंद, त्याऐवजी गोळी. रक्तदाबाची गोळी राहणार. आणि यकृतातली चरबी, जी जवळजवळ एक-तृतीयांश होती, ती दहा टक्क्यांच्या खाली आली होती. डॉ. सुसाननी त्या आकड्याभोवती पेनने गोल काढला.

"हे कायमचं गेलं असं समजू नकोस," त्या म्हणाल्या. "या गोळ्या जन्मभर आहेत, म्हणजे हे चालणंही जन्मभर. पण यकृत छान आहे. तीन महिन्यांनी नको, सहा महिन्यांनी ये."

सहा महिने. दवाखान्याने आम्हाला एवढी मोठी रजा याआधी कधी दिली नव्हती. मी बाहेर येऊन बाकावर बसले. प्रशोभ औषधं घ्यायला खिडकीशी गेला.

शेजारी कासरगोडकडची एक बाई बसली होती, सोबत अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. मुलीच्या तोंडावर मास्क, मनगटं काडीसारखी. पाच महिने झाले होते म्हणे. बाईच्या मांडीवर स्टीलचा डबा होता आणि ती मुलीला कुजबुजत सांगत होती, एवढा घे, एवढा एकच घे. मग तिने प्रशोभकडे बोट करून मला विचारलं, "तुमचा मुलगा ना? त्याचंही झालंय? किती छान तब्येत आहे. काय खायला घालता हो? आमची भरतच नाही."

ऑपरेशननंतरच्या त्या वर्षात हा प्रश्न मला कोणी विचारला असता, तर मी किती अभिमानाने उत्तर दिलं असतं! मी तिच्या डब्याकडे पाहिलं. तिचा हात झाकणावर होता, आणि तो माझा हात होता.

"तुम्हाला दोन पानांचा कागद मिळालाय ना?" मी विचारलं. "दुसरं पान वाचलंत?"

तिने माझ्याकडे बघितलं. खोटं बोलावं का, असा विचार तिच्या चेहऱ्यावरून सरकला. "नंतर वाचू म्हटलं."

"मीही तेच म्हटलं होतं."

मग मी तिला सगळं सांगितलं. गूळ, तूप, तुला, चारशे साठ. केबिनच्या खिडकीशी मी काय बोलले, तेही. अशक्त पोरीने खायचंच नाही असं नाही, काय आणि किती ते आत विचारा, आजच विचारा, असं सांगितलं. आतापर्यंत मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं, चेच्चीलाही पूर्ण नाही. बाई मध्ये मध्ये डोळे पुसत होती. मुलगी मात्र मास्कच्या वरून मला टक लावून बघत होती, आणि मला वाटतं, हसत होती.

प्रशोभ कधी येऊन मागे उभा राहिला, कळलं नाही. किती ऐकलं त्याने, तेही कळलं नाही. त्याने मुलीला विचारलं, "चालतेस का?"

"अम्मा चालू देत नाही. दमशील म्हणते."

"अकरा मिनिटांपासून सुरू कर. डॉक्टरांना विचारून. आधी पाच, मग अकरा. अम्मा मागे आली तर येऊ दे." मग त्याने माझी पिशवी उचलली. "अम्मा, चल. दोन-वीसची गाडी आहे. बाकीचं त्यांना फोनवर सांग, नंबर दे तुझा."

मी नंबर लिहून दिला. तो जिन्याने निघाला होता. लिफ्ट समोर उभी होती, पण मीही जिन्याकडेच वळले.